इथं चित्र

प्रकाशनसंस्थेत कामाला आहे म्हटलं की लोक जरा आदरानं बघायचे. त्यांना वाटायचं, आम्ही दिवसभर लेखकांबरोबर चहा पीत बसतो. पन्नासच्या दशकात आमच्या त्या मोठ्या संस्थेनं छापखाना आणि बांधणीखातं चिंचवडला हलवलं आणि मी तिथं शाळेची पुस्तकं तपासायला लागलो. लेखक एकदाही दिसला नाही. पत्र्याखाली यंत्रांची धडधड, शाईचा वास आणि प्रुफं, बस्स.

प्रुफं जोडीनं तपासायची, ही तिथली पद्धत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवून चुका टिपायच्या. चित्राची जागा आली की वाचणारा 'इथं चित्र' म्हणायचा आणि पुढं जायचा, कारण चित्रांचे ठसे शेवटच्या प्रुफातच बसवत. ते प्रूफ तेवढं टिपणाऱ्यानं डोळ्यांनी नीट बघून सही करायची.

वाचणारा मी, टिपणारे मास्तर. चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यात त्यांचा अर्धा जन्म गेला, तिथंच ते शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मला हे काम त्यांनीच शिकवलं, तेही न चिडता. मी असतो तर दहादा चिडलो असतो.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, मिळवणारे हे एकटेच. मुद्रितशोधकाला दिसत नाही हे कळलं असतं, तर व्यवस्थापकांनी त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. मास्तरांनी माझ्यापुढं हात जोडले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "तुला जमेल तेवढे दिवस."

मग आमचं नाटक सुरू झालं. तोंडानं मूळ प्रत वाचायची, डोळ्यानं प्रूफ बघायचं, चुका मीच टिपायच्या. मास्तर समोर पेन्सिल धरून मान हलवायचे. शेवटी त्यांची आखूड सही मीच ठोकायचो, आणि ती इतकी हुबेहूब जमायची की मला तिचा अभिमान वाटायचा. आपण एका माणसाचं घर चालवतोय, या विचारानं छाती फुगायची.

चौथीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सापांचा धडा होता. त्याचं शेवटचं प्रूफ आलं तेव्हा माझ्या पुण्याच्या गाडीला वीस मिनिटं उरली होती. मजकूर आधीच तपासलेला. मी पानं भराभर उलटली, मास्तरांची सही केली आणि स्टेशनकडं पळालो.

आठवड्यानं बांधणीखात्यातून जाताना एका बाईनं मला थांबवलं. ती तळवड्याहून रोज चालत यायची आणि छापील कागदांच्या घड्या घालायची. तिला वाचता येत नव्हतं. एका चित्रावर बोट ठेवून तिनं विचारलं, खाली काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं: अजगर, बिनविषारी.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "ही घोणस हाय. माझा दीर हिच्याच डंखानं ग्येला. पोरं हात लावतील की हिला."

मी पुण्याच्या पेठेतला, साप बघितलेला तो गारुड्याच्या टोपलीत. पण पान उलटून पाहिलं, तर 'घोणस, विषारी' या ओळीवर अजगर निवांत पडलेला. ठशांची अदलाबदल झाली होती. तसाच व्यवस्थापकांकडं गेलो आणि काम थांबवायला लावलं. तेवढी अक्कल मला होती.

त्यांनी सहीचं प्रूफ मागवलं, मास्तरांनाही बोलावलं. सही तुमचीच ना, असं त्यांनी विचारलं. कागद समोर धरला होता. मास्तरांनी तिकडं बघितल्यासारखं केलं.

"माझीच," ते म्हणाले.

मी तीन फुटांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर खोट्या सहीसाठी मी गेलो असतो, आणि डोळ्यांसाठी मास्तरही गेलेच असते. मग दोघांनी कशाला जायचं, असा हिशेब मी तिथल्या तिथं केला. हिशेब बरोबरच होता. मी भित्रा होतो, हेही तितकंच खरं.

मास्तरांना त्याच दिवशी कामावरून काढलं. संध्याकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथं त्यांनी तो छापील कागद मागितला. माझ्या खिशात एक घडी होती, ती दिली. त्यांनी उतरत्या उन्हात कागद नाकाला टेकेपर्यंत जवळ धरला आणि बराच वेळ इंचाइंचानं सरकवत राहिले. मला वाटलं, उगीच चाललंय, काय दिसणार यांना.

"घोणसच," ते शेवटी म्हणाले. "पाठीवर साखळी आहे की. आमच्याकडं शेंबडं पोरही ओळखतं." मग कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "पान आलं तेव्हा मला दाखवलं का नाहीस?"

तसं कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. त्यांना काही दिसत नाही, हे मी त्यांच्यापेक्षाही पक्कं धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला मास्तरांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मी बसलो.