सडक सहा खांदे लांब

नाईकबाबाला किलोमीटर कळत नव्हता असं नाही. त्याला तो मान्य नव्हता. ‘डांबरी सडक किती लांब?’ असं विचारलं की तो म्हणायचा, ‘सहा खांदे.’ पोडावर कोणी आजारी पडलं की बाजेला बांबू बांधायचे, चौघांनी ती उचलायची आणि सडकेपर्यंत न्यायची. खांदा भरून आला की बाज टेकवून बाजू बदलायची. एका दमात जेवढं अंतर तोडलं, तेवढा एक खांदा. असा हिशोब आमच्या कुठल्या पुस्तकात नव्हता.

मी बांधकाम खात्यातली कनिष्ठ अभियंता. माहेर बोरी अरबचं आणि राग नाकावर. झरी जामणीला बदली झाली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आदिवासी वस्त्या सडकेला जोडायच्या योजनेत माझ्याकडे पहिलंच काम आलं ते या कोलामांच्या पोडाचं. पोड म्हणजे त्यांची वस्ती, आणि तिचा प्रमुख तो नाईक. सत्तरीचा, काटक, कलेक्टर असो की कोतवाल, सगळ्यांना ‘तू’ म्हणणारा.

‘नाही’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडी नव्हता. तो ‘पाहू’ म्हणायचा. मी नाल्यावरून सरळ रेघ मारली होती. नाल्यात एक रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, की काम फत्ते. जमीन जंगलाची, म्हणून ग्रामसभेचा होकार हवा होता. तीन सभा झाल्या, तिन्ही वेळा नाईकबाबा म्हणाला, ‘पाहू.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बाबा, तुमच्या पाहू-पाहूत पावसाळा येईल!’

‘पावसाळाच त पाहाचा हाय, बाई,’ तो म्हणाला आणि घरातून बाज घेऊन आला. तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं. ‘एक कोना तू धर. तुह्याच रेघीनं जाऊ.’

माझा शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होता. मीही हट्टाची, धरला कोना! नाल्याच्या उतारावर येईपर्यंत खांदा सोलून निघाला. नाला कोरडा ठाक होता. नाईकबाबानं काठावर बाज टेकवली.

‘मांगच्या भादव्यात अडलेल्या सुनेले इथंच ठेवून बसलो होतो. पानी उतरेपरेंत लेकरू गेलं.’ मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, ‘तुह्या रपट्यावरून बी पानी जाईनच ना?’

जाणारच होतं. मोठ्या पुलाला निधी नव्हता, हे मला ठाऊक होतं.

तिथून त्यानं मला नाल्याच्या उगमाला वळसा घालून, टेकडीच्या धारेवरून नेलं. वाट लांब, पण पाणी कुठेच आडवं येत नव्हतं. मी विचारलं, ‘मग बाज इकडून काहून नाही नेत?’

‘दुप्पट पडते. मानसाचा खांदा थकते. गाडीचा थोडीच थकते!’

आखणी बदलायची म्हणजे माझं चुकलं हे वरिष्ठांना सांगणं आलं. सांगितलं. ‘एका कोलामाच्या सांगण्यावरून?’ त्यांनी विचारलं. ‘हो साहेब. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं,’ मी म्हणाले. ते बराच वेळ कुरकुरले, पण कागद पुढे सरकला. या खेपेला ग्रामसभेत ‘पाहू’ नव्हतं, सगळे हात वर होते.

मोजणीला खुंट्या ठोकत गेलो, तर त्या एका तुरीच्या वावराच्या मधोमध निघाल्या. कोणाचं वावर, तर कोणी बोलेना. शेवटी तलाठ्यानं नाव वाचलं. नाईकबाबाचंच होतं. वर्षानुवर्षं खेटे घालून मिळालेला वनहक्काचा पट्टा, आणि त्याची दोन शकलं. अशा सडकेला मोबदला नसतो, संमतीचा अंगठा असतो. मी त्याच्यावर खेकसले, ‘आधी सांगायचं नाही का, बाबा?’

तो अंगठ्याला शाई लावत होता. ‘दुसऱ्याचं असतं त तुले ती वाट दाखवलीच नसती,’ म्हणाला.

मी तलाठ्यासमोर, शिपायासमोर रडले. लाज नाही वाटली.

पुढच्या पावसाळ्यात सुनेला पुन्हा दिवस भरले आणि धो-धो पाण्यात दवाखान्याची गाडी थेट अंगणात आली. दुसऱ्या दिवशी सुनेनं फोन केला, ‘पोरगी झाली. बाबा म्हनतेत, आवाज मोठा हाय, आपल्या बाईसारखा.’

नाईकबाबा यंदाच्या हिवाळ्यात गेला. तब्येत बरी नाही, एकदा येऊन जा, असा निरोप दोन दिवस आधीच आला होता. मी यवतमाळला होते, आढाव्याची बैठक होती. ‘संपली की निघते,’ म्हणाले. मग दुसरी बैठक निघाली. पोचले तेव्हा माती देऊन लोक परतत होते.

‘इचारून राह्यले होते, बाई आली काय,’ सून म्हणाली. तिनं दोष दिला नाही, पाणी दिलं. मी अंगणात बसून राहिले. माझी गाडी अंगणातच उभी होती. मला अडवायला वाटेत नालासुद्धा नव्हता.