तिचा कोंडा, माझा रोग

मी उकड मळत होते आणि मोठ्या जावेने माझ्या हाताखालची परात ओढून घेतली.

तिच्या नातवाची हळद होती. सापगावात, तिच्याच दारात. हळदीच्या दिवशी आमच्याकडे भावकीतल्या बायका मिळून तांदळाच्या भाकऱ्या थापतात. जिचा हात चांगला ती उकड मळते. लग्न कोणाचंही असो, चाळीस वर्षं मीच मळत आले. उकड नीट मळली नाही तर भाकर फाटते. माझी कधी फाटली नाही.

"ऊठ गो तिथून," ती म्हणाली. "लोकांना जेवायचंय. तुझी खवलं पडतील पिठात."

वीस-पंचवीस बायका होत्या. थापायचे आवाज थांबले. एकजण हसली. माझ्या कोपरांवर लाल चट्टे होते, त्यावर पांढरी खपली. जावेने सगळी उकड उचलून म्हशीपुढे टाकली. म्हशीने खाल्ली. तिला काही झालं नाही.

मी हात धुतले आणि न जेवता घरी आले.

खरं सांगते. मला रडू आलं नाही. मला हेवा वाटला, तिच्या हातांचा. साफ हात, कोपरापर्यंत चुडा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिच्यावर जळते. तिच्या नवऱ्याला कसाऱ्याला रेल्वेची नोकरी, माझा भातशेतीत. वाटणीत रस्त्याकडची जमीन त्यांना, ओढ्यापलीकडची आम्हाला. तेवढं सोसलं. पण कातडीसुद्धा तिचीच चांगली? देवापुढे हात जोडून मी मागितलं होतं, एकदा हिलाही होऊ दे. असं मागणारी बाई चांगली नसते. नसेन.

मी चौथी शिकलेली. अंगावर खवलं आली की घासून काढायची, एवढंच मला कळायचं. विटेच्या तुकड्याने घासायचे, रक्त येईपर्यंत. मग करंजीचं तेल लावलं. मग बिब्याचं. बिबा लावत होते तेव्हा जाऊ घरी आली होती. लाव, बरं असतं, म्हणाली. भाजल्यासारखे फोड आले आणि फोडांच्या जागी नवे चट्टे उठले. शेवटी मेडिकलमधून मनानेच ट्यूब आणली. आठवड्यात कातडी गुळगुळीत. ट्यूब संपली आणि आधीच्या दुप्पट आलं.

हळदीनंतर आमच्या पाड्यावरच्या आशाताईने सांगितलं, शहापूरच्या सरकारी दवाखान्यात कातडीची डॉक्टर बसते, जा. गेले. पोरगीच होती. तिने माझं कोपर हातात घेतलं. बोटाने दाबून बघितलं. हातमोजा नव्हता. इतक्या वर्षांत त्या जागेला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

"आजी, हा सोरायसिस," ती म्हणाली. "कोणाला लागत नाही. तुमचं शरीर कातडी घाईघाईने बनवतं. जुनी गळायच्या आत नवी वर येते, म्हणून थर चढतो."

बरा होईल का, मी विचारलं. म्हणाली, दबेल, पण पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा पुन्हा दाबायचा. वीट बंद, बिबा बंद. कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा येतो. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. तिने दिलेलं मलम ती सांगेल तेवढेच दिवस, आपल्या मनाने चालू नाही, बंद नाही. बोटांचे, गुडघ्यांचे सांधे सुजले तर लगेच येऊन सांगायचं. मग तिने विचारलं, डोक्यात आहे का? पुष्कळांना केसांत येतो, लोक कोंडा म्हणून सोडून देतात.

तिथे मी अडकले.

जावेला कोंडा होता. तिची सून ठाण्याहून तिच्यासाठी वेगळा शाम्पू आणायची. आणि जावेचा पदर कायम कपाळापर्यंत. सगळी भावकी म्हणायची, बाई रीत पाळते.

मी घरी गेले नाही. दवाखान्यातून सरळ सापगाव. तिला विचारलं, बाय, तुमच्या डोक्यात काय आहे.

"कोंडा."

मी पिशवीतून डॉक्टरची चिठ्ठी काढली आणि रोगाचं नाव मोठ्याने सांगितलं. तिने उठून दार लोटलं. "हळू बोल गो. शेजारीण अंगणात हाय."

नऊ वर्षं झाली होती. ठाण्याचा डॉक्टर, दर दोन-तीन महिन्यांनी गाडी करून जायचं. घरात त्याला ॲलर्जी म्हणायचं, असं ठरलेलं.

"म्हंजे लागत नाय, ते तुमाला माहीत होतं."

"होतं."

"आन् बिबा?"

ती पदर सारखा करत बसली. मग म्हणाली, "लोक तुझ्याकडं बघायचे. तवर माझ्याकडं कोण बघत नव्हतं."

देवाकडे मागितलं ते मागायच्या आधीच तिला मिळालं होतं. मला वाटलं होतं, थंड वाटेल. उलट जास्त जळले. आता तिच्या हातांवर नाही. रोग तोच. ती गादीच्या खुर्चीत बसून औषध विचारत होती, तेव्हा मी मोरीत वीट घासत होते. तिला डॉक्टरने समजावलं. मला तिने बिबा सांगितला.

तीन महिन्यांत माझ्या कोपरांवरचे चट्टे उतरले. परवा जाऊ दारात आली. नातीची हळद आहे. माझ्याशिवाय भाकऱ्या फाटतात म्हणे. ये, पण लांब बाहीचं पोलकं घाल, आणि ते नाव मांडवात काढू नको. पोरीचं लग्न आहे.

मी म्हटलं, "येईन. आखूड बाहीत येईन. कोणी इचारलं तर नाव सांगीन, लागत नाय तेपण सांगीन. तुमच्या डोक्याचं तुमचं तुमी बघा. पण बिब्याचं मी सांगणार."

"भावकीत मला उघडी पाडशील?"

"मला पाडलंत ती पण भावकीच होती."

ती चहा न घेता गेली.

डाव्या कोपरावर पुन्हा एक चट्टा आलाय. डॉक्टर म्हणाली होती, येईल. मलम लावते, वीट हातात घेत नाही. जावेवरचं जळणं मात्र मी दाबणार नाही. तिला मिळालेली नऊ वर्षं मला कोणी आणून देणार नाही. हळदीच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी जाऊन बसणार आहे. मला उठवायचं तर आधी सगळ्यांसमोर कारण सांगावं लागेल.