क्लच प्लेटीचं गाऱ्हाणं

गाडीतून काढलेले जुने पार्ट आमच्या वर्कशॉपच्या मागे साठत जातात. कुणी नेत नाही, कुणी टाकत नाही. किस्स्यांचंही तसंच. रत्नागिरीतल्या एका शोरूममध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. म्हणजे गिऱ्हाईक ऑइल बदलायला आलं की आणखी काय काय बदलायला हवं ते सांगणारा माणूस! त्या महिन्यात आमचे मॅनेजर सावंतसाहेब म्हणाले, ज्याची जादा कामं सगळ्यात कमी भरतील त्याची बदली खेडला. माझी मुलगी दहावीत. माझी झोपच उडाली.

*

पहिले सापडले खलीलभाई, मासळीचे व्यापारी. गाडीचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे आलो. एसी आतून धुऊन घ्या, वास जाईल, असं नाक धरून पटवत होतो.

"वास जाऊन कसं चालेल?" ते म्हणाले. "घरातले विचारतील, ही कुणाची गाडी घेऊन आलात?"

*

मग कुलकर्णीबाई, रिटायर्ड शिक्षिका. त्यांना मी एअर फिल्टर बदलायला लावला. संध्याकाळी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. फिल्टरवर नेलपॉलिशने लिहिलं होतं, 'कुलकर्णी'. लग्नकार्यात हरवू नयेत म्हणून जन्मभर पातेल्यांवर नाव घालणारी बाई फिल्टर कसा सोडेल?

"नवीन फिल्टर माझं नाव घालूनच येतो का रे कंपनीतून?"

मी मेकॅनिककडे बघितलं. तो पाना शोधायला निघून गेला.

*

एका आंबा बागायतदाराची गाडी आणायला मीच त्यांच्या बागेत गेलो. उंदीर वायरी कुरतडतात, आमचा खास फवारा मारून घ्या, असं सांगत बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी मांजर झोपलेलं, पोटाशी तीन पिल्लं.

"आमचा फवारा हा," मालक शांतपणे म्हणाले.

*

महिना संपत आला तसं माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी पाच तपासण्या लिहून दिल्या. सवयीने तोंडातून निघून गेलं, "यातल्या खरंच गरजेच्या किती?"

डॉक्टरांची गाडी आमच्याकडेच येते. "तू माझ्या गाडीला सांगितलेल्या कामांतली जेवढी गरजेची होती, तेवढ्याच," ते म्हणाले. मी चिठ्ठी परत केली.

*

शेवटच्या दिवशी आतल्या गावातून तात्या आले. मुलगा मुंबईला, गाडी त्याची, गावी तात्या फिरवतात. मी सांगितलं, क्लच प्लेट गेलीय. प्लेट चांगली होती. पण सावंतसाहेब पाठीमागे उभे होते, आणि एवढ्या कामाने माझं खेड टळत होतं. लाज वाटली, तरी सांगितलं.

तात्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघितलं, वाद घातला नाही. काम सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतो, एवढंच म्हणाले. डिकीतून नारळ काढला, चपला काढल्या आणि बॉनेटसमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ही गाडी तुज्या पुढ्यात उबी हाय..."

गाऱ्हाण्याला साथ देणं आम्हा कोकणातल्यांच्या हाडात आहे. मेकॅनिकांनी पाने खाली ठेवून हात जोडले. "होय म्हाराजा."

"जो कोन चांगला पार्ट खराब म्हनून काडीत असंल, त्याची बुद्धी ठिकानावर आन रं म्हाराजा."

"होय म्हाराजा." मीही म्हणालो.

"नि ह्या पोराला जो असं बोलायला लावतोय, त्याला पन तूच सांबाळ रं म्हाराजा."

या वेळचं सगळ्यात मोठं "होय म्हाराजा" माझ्या पाठीमागून आलं. सावंतसाहेब मूळचे संगमेश्वरचे.

नारळ फुटला. साहेबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, माझ्या हातातलं एस्टिमेट घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"तात्यांचं फक्त ऑइल बदल," ते म्हणाले. "आणि मुलीला सांग, इथेच अभ्यास कर."