वेंडेल लाहटीचा एक्का

११ जानेवारी २०१८ च्या सकाळी एक्क्याच्या डब्यात २८७ डॉलर होते. त्यातला शेवटचा डॉलर वेंडेल लाहटीच्या नावाचा, पण तो आला होता रूडी झुपान्चिचच्या खिशातून. वेंडेलकडे वीसच्या नोटांखेरीज काही नव्हतं आणि टेक्ससमधल्या त्या बागेत सकाळी आठ वाजता सुटे द्यायला कोणी नव्हतं. रूडी त्याचा मेव्हणा. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी एवढं उधार देऊ शकतो," असं म्हणून त्यानं नोट टाकली आणि वर हेही म्हणाला की परत कधी देणार ते आत्ताच सांग. वेंडेल म्हणाला, मोटेलवर गेल्यावर. त्यानं तसं म्हटलं म्हणजे तो दिलाच असता.

डबा माझ्याकडे असतो, कारण मी जिल्ह्याच्या रस्तेखात्यात हिशेब बघतो. आमच्या डिस्क गोल्फच्या मंडळात दर खेळाआधी माणशी एक डॉलर डब्यात पडतो. चौथऱ्यावरून फेकलेली पहिलीच तबकडी समोरच्या खांबावरच्या, साखळ्या लटकवलेल्या टोपलीत जाऊन बसली तर तो एक्का. ज्याचा एक्का, त्याचा डबा. मंडळात जुनी म्हणण्यासारखी सात-आठ माणसं आहेत. त्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी एक्का मारलाय. वेंडेलनं एकोणीस वर्षांत एकही नाही.

वेंडेल त्याच खात्यात तेहतीस वर्षं बर्फ काढायचा ट्रक चालवतोय. उत्तर मिनेसोटात ते काम नोव्हेंबरात सुरू होतं आणि एप्रिलपर्यंत संपत नाही. माणूस रागीट. आपल्या दारातला बर्फ रस्त्यावर लोटणाऱ्यांवर राग, मीठ कमी पाठवणाऱ्या वरिष्ठांवर राग, शेजारच्या जिल्ह्याच्या ड्रायव्हरांवर तर कायमचाच. पण तेहतीस वर्षांत त्याच्या ट्रकच्या पात्यानं लोकांच्या फक्त दोन टपालपेट्या उडवल्या, आणि दोन्ही त्यानं रविवारी स्वतः जाऊन, पदरच्या लाकडानं पुन्हा उभ्या केल्या. एका घरमालकाला तर कळलंही नव्हतं की पेटी कोणी पाडली. वेंडेलनं दार वाजवून सांगितलं.

मंडळाचे नियमही त्यानंच लिहिलेत. आमच्या मैदानाच्या फळ्यावर ते त्याच्या अक्षरात आहेत. एक्क्याचा नियम असा: गटातल्या दुसऱ्या कोणीतरी तबकडी टोपलीत जाताना डोळ्यांनी पाहिलेली हवी, आणि पुढच्या चौथऱ्यावर पाय ठेवण्याआधी त्यानं तसं सांगितलेलं हवं.

या नियमाचा पहिला फटका २०११ च्या सप्टेंबरात रूडीला बसला. सातव्या टोपलीत त्याची तबकडी पहिल्या फेकीत गेली. बरोबर फक्त वेंडेल होता, आणि तो त्या वेळी वाकून बुटाची नाडी बांधत होता. रूडीनं हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. वेंडेल म्हणाला, "साखळ्या वाजलेल्या ऐकल्या. पाहिलं नाही." डबा गेला. तेव्हा त्यात चौऱ्याण्णव डॉलर होते. मला विचाराल तर वेंडेलनं तेव्हा मनाचा मोठेपणा दाखवायला हवा होता. पण तो खोटं बोलला नव्हता, एवढं मी लिहून देतो.

दर जानेवारीत आम्ही तिघं वेंडेलच्या गाडीनं पस्तीस नंबरच्या रस्त्यानं सरळ दक्षिणेला जातो. साडेबाराशे मैल, पाच दिवसांची रजा. त्या वर्षी घरून निघालो तेव्हा पारा शून्याखाली सव्वीस होता. टेक्ससमध्ये लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. पण ही सहल नेहमीची नव्हती. ६ फेब्रुवारीला वेंडेलचा उजवा खांदा कापून त्यात कृत्रिम सांधा बसवायचा होता. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर जेवता येईल, गाडी चालवता येईल, तबकडी फेकणं विसरा. म्हणजे हातात पाच दिवस, आणि त्यातले दोन तर रस्त्यातच जाणार. वेंडेल बोलला नाही, पण त्याला काय हवंय ते रूडीलाही ठाऊक होतं आणि मलाही. जाताना सगळ्या वाटेवर रूडीनं २०११ ची गोष्ट चार वेळा सांगितली. वेंडेलनं चारही वेळा रेडिओ मोठा केला.

११ तारखेच्या त्या खेळातली सहावी टोपली अडीचशे फुटांवर, कोरड्या ओढ्यापलीकडे, एका पसरट ओकच्या आडोशाला. पहिली फेक माझी. तबकडी उजवीकडे निवडुंगात गेली आणि ती काढायला मी तिकडे उतरलो. तिथून झाडामुळे टोपली दिसत नव्हती, चौथरा मात्र स्वच्छ दिसत होता. मी काट्यांतून हात घालतोय तोच साखळ्या वाजल्या. मान वर केली. वेंडेल खांदा धरून उभा होता. त्याच्या शेजारी रूडी, दोन्ही हात आभाळाकडे केलेले.

मग रूडीनं हात खाली घेतले. सावकाश, एकेक करून.

मी धावत चौथऱ्यावर आलो. वेंडेल त्याच्याकडे बघत होता. एवढा मोकळा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. रूडी बुटाकडे बघत म्हणाला, "साखळ्या वाजलेल्या ऐकल्या. पाहिलं नाही."

शब्दही तेच. सहा वर्षं जपून ठेवलेले.

मी तिथल्या तिथे म्हणालो की रूडी, तुझे हात वर होते, मी पाहिलंय. तो म्हणाला, आळस देत होतो. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी मी वेंडेलला म्हणालो, मी साक्ष देतो, डबा तुझा.

वेंडेलचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "तू हात पाहिलेस," तो म्हणाला. "तबकडी पाहिलीस का?"

नाही म्हणावं लागलं. तो चालत गेला, टोपलीतून आपली नारिंगी तबकडी काढली, शर्टाला पुसून पिशवीत ठेवली आणि सातव्या चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला. मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच संताप आला. एक खोटं बोलून मोकळा झालेला, आणि दुसरा स्वतःच्याच नियमाचा दगड गळ्यात बांधून घेणारा.

उरलेले दोन दिवस खेळ झाला, म्हणजे तबकड्या फेकल्या गेल्या. वेंडेल रूडीशी बोलला नाही. परतीच्या वाटेवर गाडी नेहमीप्रमाणे तोच चालवत होता, मागे रूडी, पुढे मी. ओक्लाहोमात मी डबा उचलून वेंडेलच्या मांडीवर ठेवला. त्यानं एका हातानं तो माझ्या पायाशी ठेवला. कॅन्ससमध्ये रूडीनं विचारलं, कुठे थांबणार का? वेंडेलनं पुढच्या विश्रांतिस्थानी गाडी घातली, रूडी परत येईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, आणि निघाला. आयोवात बर्फ लागला. तिथे मात्र वेंडेल तासभर बोलला, सगळं तिथल्या बर्फ काढणाऱ्यांबद्दल. पातं वर धरून चालवतात, आंधळे, डोळ्यांनी दिसतं ते दिसत नाही म्हणतात.

मिनेसोटाची हद्द वीस मैलांवर असताना पेट्रोल भरायला थांबलो. वेंडेल नळी धरून उभा होता. रूडी कॉफीचे तीन पेले घेऊन आला आणि एक त्याच्यापुढे धरला.

"वेंडेल, मी पाहिली होती. थेट आत गेली. कडेलाही लागली नाही."

वेंडेलनं पेला घेतला नाही. "केव्हा पाहिलीस?"

"तेव्हाच. केव्हा म्हणजे काय?"

"मग तेव्हा सांगायचं. आपण नंतर किती चौथरे पार केले, माहीत आहे?"

"अरे, फळ्यावरचा नियम तुझाच आहे, म्हाताऱ्या. बदल तो. मी चुकलो म्हणतोय ना?"

"तुझ्या वेळी बदलला नाही. माझ्यासाठी बदलू?"

रूडीचंही डोकं फिरलं. थंडीत उभं राहून माफी मागावी आणि समोरच्यानं पेलाही घेऊ नये. तो म्हणाला, ठीक आहे, इतका हिशेबाचा पक्का आहेस तर माझा डॉलर दे. मोटेलवर देणार होतास.

वेंडेलनं नळी जागेवर अडकवली. "तू माझी फेक पाहिली नाहीस. मी तुझा डॉलर पाहिला नाही."

एक पेला तसाच गार झाला.

६ फेब्रुवारीला खांदा बदलला. वेंडेल ट्रकवर परत आलाय, हात कानाच्या वर जात नाही. मैदानावर येतो, फळ्याजवळच्या बाकावर बसतो आणि दुसऱ्यांच्या फेकी बघतो. कोणी एक्का मारला की पहिला ओरडतो तो, पाहिली, मी पाहिली. पण तो खेळणाऱ्यांत नसतो, त्यामुळे नियमानं त्याची साक्ष धरत नाहीत. रूडीला ती नारिंगी तबकडी भिंतीवर लावायला चौकट करून द्यायची होती. वेंडेलच्या बायकोनं, म्हणजे रूडीच्याच बहिणीनं, त्याला दारातून परत पाठवलं. एरवी कोणाचा सेंट न ठेवणारा वेंडेल, पण तो डॉलर त्यानं दिला नाही, आणि मी दोनदा आठवण करून देऊनही तो देणार नाही म्हणाला.

वेंडेलकडून रूडीला एक डॉलर येणे आहे.