ज्याच्या हातून केस गेले

आमच्या तांबड्या कुत्र्याचे केस गळायला लागले तेव्हा आचऱ्यात जेवढी घरं तेवढे वैद्य निघाले. आधी पोटाखालचे गेले, मग कोपरांचे, मग हनुवटीचे. कुणी म्हणालं खारा बांगडा बंद करा, उष्णता झाली. कुणी म्हणालं किनाऱ्यावर लोळतो, खारं अंगावर सुकतं. एकीने दृष्ट काढायला सांगितली, आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या मी मुकाट्याने मीठ-मिरच्या घेऊन ती काढलीसुद्धा. करंजेल चोळलं, कडुलिंबाच्या पाण्याने धुतलं. केस जायचे थांबेनात.

हे गेल्यापासून घरात मी एकटी. दिवसभरात माझं बोलणं ऐकून घेणारा तेवढा एकच जीव, त्यामुळे माझा सगळा जीव त्याच्यात.

कुंपणापलीकडे माझे चुलत दीर राहतात. साठी उलटली तरी डोक्यावर रान माजावं तसे केस, काळे केलेले, आणि सदऱ्याच्या खिशात कायम फणी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता. "वयनी, लूत आसा ती. इन्सुलीच्या नाक्यापलीकडे गोंयात सोडून ये. गोंयकार काय तां बघतीत."

मी म्हटलं, "भावजी, आधी तुमका सोडून येतंय."

मग एक दिवस मी भावाकडे मसुऱ्याला गेले. संध्याकाळी परतले तर कुत्रा न्हाणीच्या दगडाआड बसलेला, पाठभर काळाकुट्ट, थरथरत होता आणि पुढ्यात ओकला होता. कुंपणाशी भावजी फणी फिरवत उभे. "गो वयनी, लाँचीच्या इंजिनाचा जळका ऑईल चोपडलंय. आठ दिवसांत बघ, रेशमासारखो होतलो."

मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षा बोलावली आणि कुत्र्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून मालवणला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण, कमी बोलणाऱ्या. खोबरेल लावून त्यांनी ते ऑईल सोडवलं, साबणाने तीन वेळा धुतलं, सुई टोचली. "हे चाटलं की विष पोटात जातं. वाचेल, पण पाठ भाजली आहे. केस मुळात का गेले ते कातडी निवल्यावर तपासू. आठ दिवसांनी आणा."

ते आठ दिवस मी फक्त सूड शिजवला. त्यांच्या माडावरचे नारळ उतरवायला येणाऱ्याला फितवावं, त्यांच्या विहिरीत तेच ऑईल ओतावं, असलं सगळं मनात आलं. शेवटी आमच्याकडचा रस्ता धरला. सोमवारी नारळ घेऊन देवळात गेले आणि गुरवाला म्हटलं, गाऱ्हाणं घालायचं आहे.

"कोणाचा नाव घेव?" गुरवाने विचारलं.

नाव घ्यायचं नसतं, देवाला ठाऊक असतं. शिवाय भाषा हा माझ्या अभिमानाचा विषय. वाक्य मीच बांधून दिलं. गुरव मोठ्याने बोलू लागला, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणाच्या हातान ह्या मुक्या जनावराचे केस गेले आसतीत, तेचेव केस तसेच जांव देत रे म्हाराजा!"

जमलेले सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्यात भावजीही होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. त्यांना वाटलं, जनावरावर कुणी करणी केली म्हणून गाऱ्हाणं आहे. मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. घरी येऊन मी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे केले.

सांगितलेले आठ दिवस भरल्यावर डॉक्टरबाईंनी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकात बघितली. लुतीचे किडे नाहीत, बुरशी नाही, पिसवाही नाहीत. मग त्यांनी कुत्र्याला उताणा करून पोट, कोपरं, हनुवटी पुन्हा पाहिली.

"हा झोपतो कुठे?"

"पडवीत, फरशीवर."

"फरशी कशाने पुसता?"

"फिनेलने," मी ताठ मानेने सांगितलं. "दिवसातून दोनदा. पाणी अगदी कमी घालते. ऑईलचे डाग पडल्यापासून तर तीनदा."

त्यांनी त्याचं कोपर उचलून माझ्यापुढे धरलं. त्याचं अंग जिथे जिथे फरशीला टेकत होतं, नेमके तिथलेच केस गेले होते.

फिनेल त्या दिवशी बंद झालं. पण कुत्र्याने माझ्या पडवीची वाट सोडली होती. तो जाऊन झोपायला लागला भावजींच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या खळ्यात. जळकं ऑईल चोपडणाऱ्याच्या पायाशी! महिनाभरात पोटाला लव आली, कोपरं भरली. पाठीवर मात्र तळहाताएवढा चट्टा राहिला, तो अजून तसाच आहे. पोट माझं पाप, पाठ त्यांचं.

आणि माझ्या फणीत केस यायला लागले. वय झालं, येणारच, असं मी चार दिवस म्हटलं. पाचव्या दिवशी नारळ घेऊन पुन्हा गुरवाकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही, बिचारा चांगला माणूस. म्हणाला, "बाई, सोपा आसा. ज्याच्या हातान नकळत झाला तेका माफ कर म्हाराजा, असा सांगतंय. चलात मां?"

चालणारच होतं. मी मान डोलवणार, एवढ्यात त्या 'नकळत'वर अडले. भावजींनीही नकळतच केलं होतं. त्यांना खरोखर वाटलं होतं, कुत्रा रेशमासारखा होईल. म्हणजे त्या एका शब्दात मी सुटले की तेही सुटले.

"नको," मी म्हटलं. "आसां दे पयला गाऱ्हाणा तसाच."

"अवो, पण तुमचे केस..."

"जांव देत."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये, असं मीच मुलांना शिकवलं आहे. नारळ पिशवीत घालून घरी आणला आणि फोडून, वाटून आमटीत घातला.

परवा सकाळी अंगणात वेणी घालत होते. कुत्रा पलीकडे खळ्यात पसरला होता. त्याच्या शेजारी उभे राहून भावजींनी केस विंचरले, मग फणी उन्हात धरून बराच वेळ निरखली. मग कुंपणाशी आले.

"गो वयनी, तुझ्याकडे करंजेल आसा काय गो?"

बाटली माझ्या मागच्या खिडकीत उभी होती.

"संपला, भावजी," मी म्हटलं. "जळका ऑईल लावा. आठ दिवसांत बघा, रेशमासारखे होतले."