रिपोर्ट नॉर्मल आहे

हार्ट अटॅकनंतर ह्यांना वॉर्डात आणलं तेव्हापासून बघते आहे, भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं टेबलावर ठेवतो, आधी रक्ताचा रिपोर्ट मागतो आणि पेशंटकडे नंतर बघतो. आज ह्यांचे मावसभाऊ, अण्णा भाऊजी आले.

“वहिनी, कोलेस्टेरॉल किती निघालं?”

“नॉर्मल.”

“असं कसं होईल? चोरून तूपबीप चालू असणार.”

वर्षानुवर्षं कोरडी पोळी खाल्लेला माणूस समोर डोळे मिटून हे ऐकत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या लोकांना ख्यालीखुशाली नको असते, गुन्हा हवा असतो. आकडा मोठा निघाला की आजारी माणूस दोषी ठरतो, आणि बघायला आलेला निर्धास्तपणे घरी जाऊन जेवतो. ह्यांनी तेवढंही सुख कुणाला दिलं नाही.

भाऊजींनी रिपोर्ट हातात घेऊन दोनदा वाचला.

“तुमचं किती आहे हो?” मी मुद्दाम विचारलं.

“नॉर्मल आहे,” ते हळूच म्हणाले, आणि बसायला खुर्ची शोधू लागले.