बंधाऱ्यावरचे अकरा मासे

आमच्या ओढ्यावरचा सिमेंटचा बंधारा कमरेएवढा आहे. एरवी मी तो दोन पुरुष उंच सांगतो, पण आज थापेची सोय नाही. तो बांधला आणि खाडीतले मासे वर चढायचे थांबले. वरच्या अंगाला पाग टाकून घर चालवणाऱ्या माझ्या काकीने जाळं खुंटीला टांगलं.

एका रविवारी कॉलेजातली एक मॅडम वही घेऊन आली. बंधाऱ्याच्या वर कुठले मासे मिळतात, एवढंच ती विचारत होती. खालच्यापेक्षा कमी निघाले तर बंधाऱ्याच्या कडेने माशांना चढायला उतरती वाट करा, असं ती कळवणार होती.

"निस्ती तिलापी, बाय," काकी म्हणाली. "दुसरी जात औषदाला न्हाय."

इथे मी गप्प बसायचं होतं. पण भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमच्या खडखडाटात बारा तास ओरडून बोलणारा माणूस मी. त्यात चार जण ऐकायला जमलेले, आणि शहरातली बाई आमच्या ओढ्याला दरिद्री समजणार!

"तिलापी? अहो मॅडम, चिवणी इथे पायाला गुदगुल्या करते! बोय, खरबी, वाम... आणि जिताडा? परवाच धरला. रिक्षात घातला तर रिक्षाचं पुढचं चाक वर!"

लोक हसले. मॅडमही हसली, पण लिहीत गेली. रिक्षा तिने गाळली, जिताडा ठेवला. अकरा जाती भरल्या. काकी पदर खोचून उठून गेली. तो जिताडा, देवाशपथ, मी भिवंडीच्या बाजारात पाहिला होता. विकतसुद्धा घेतला नव्हता.

महिन्याभराने पंचायतीत मॅडमचा कागद वाचला गेला. वर-खाली माशांत मोठा फरक नाही, वाटेची गरज दिसत नाही. घरी आलो तर काकी दारात उभी.

"जिताडा आन की रं एक. कालवन करते."

आवाज अगदी मऊ. त्यापेक्षा चपलेने हाणलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी मॅडमला फोन लावला. म्हटलं, सगळं खोटं होतं.

"काका, मग खरं कुठलं? तेव्हाचं की आताचं?"

एवढं नाव कमावलं होतं मी. शेवटी ठरलं, तिच्या डोळ्यांदेखत मी दिवसभर पाग टाकायचा आणि येईल ते तिने लिहायचं.

टाकला. हजार वेळा म्हणणार होतो, चाळीसेक वेळा. दर फेकीला मनात वज्रेश्वरीला हात जोडले : आई, एक चिवणीसुद्धा येऊ देऊ नको. काकीचंच जाळं, आणि त्यावर हा असला नवस! संध्याकाळी काकीने बादली मॅडमपुढे ओतली. तिलापी, तिलापी आणि तिलापी.

"लिव, बाय. एक जात."

मॅडमने अकरावर काट मारली आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे धरला. मी पेन उचललं.

"थांब," काकी म्हणाली. "खाली माजा अंगठा पन घे. निस्त्या याच्या सहीवर कोन इस्वास ठेवल?"